कडेला लावायचं पाणी

शनिवारी संध्याकाळी पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने आपलं स्वयंपाकघर तीनदा धुतलं. ओटा साबणाने, मग उकळत्या पाण्याने, मग मन भरेना म्हणून पुन्हा साबणाने. किसणीच्या एकेका भोकात त्याने दातांचा जुना ब्रश घातला. फ्रिजमधली सहा अंडी शेजारच्या शिंप्याला देऊन टाकली, आणि अंड्यांचा रिकामा खोकासुद्धा घरात नको म्हणून तोही त्याच्याच गळ्यात मारला. शिंपी म्हणाला, "काय रे, अंड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" बाइंडर हसला नाही. "उद्या माझी मुलगी माझ्या हातचं जेवणार आहे," एवढंच म्हणाला.

मुलगी आठ वर्षांची. पुढचे दोन दात मोठे, आणि पेन्सिल असो, कॉलर असो, सतत काहीतरी कुरतडत असायची. म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. अंडं तिला चालत नसे. "चालत नाही" हा शब्द आपण आवडीनिवडीसाठी वापरतो, तसं नव्हे. अंड्याचा अंश जरी पोटात गेला तरी तिच्या अंगावर गांधी उठत, ओठ सुजत, आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर श्वास कोंडायचा.

दोन वर्षांपूर्वी बाइंडरनेच तिला कुणाच्या तरी वाढदिवसाला केकचा तुकडा दिला होता. एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणून. मग तिच्या मानेवर पहिली गांधी दिसली, आणि तो घाबरून कुणालाच काही बोलला नाही. ओला रुमाल फिरवत बसला, देवाचा धावा करत बसला. आईला कळलं ते चाळीस मिनिटांनी, डॉक्टरांकडून. "चूक कुणाच्याही हातून होते," ती तेव्हा म्हणाली होती, "पण तू चाळीस मिनिटं गप्प बसलास." दोघं वेगळे राहू लागले त्याला इतरही कारणं होती, पण सांगताना ती हे एकच सांगायची. आणि खरं सांगायचं तर बाइंडरलाही दुसरं आठवत नसे.

वेगळे झाल्यापासून खारूताई त्याच्याकडे यायची ती फक्त रविवारी, दहा ते पाच. जेवणाचा डबा आईकडून. त्याच्या घरचं तिने पाणी प्यावं, बाकी काही नाही. चौदा महिने असे गेले. आता समुपदेशक बाईंनी मध्यस्थी करून एक वाट काढली होती. या रविवारी बाइंडरने स्वतः रांधून मुलीला जेवू घालायचं. सगळं सुखरूप पार पडलं तर बुधवारी बाई लिहून देणार होत्या, की पुढच्या महिन्यापासून शनिवारची रात्र आणि सुट्टीतले आठ दिवस तिने बाबांकडे राहायला हरकत नाही. नाहीतर आहे तेच. कदाचित तेही नाही.

म्हणून ते घासणं आणि पुसणं.

*

रविवारी बरोबर दहाला आई दारात. ती औषधांच्या दुकानात बसायची. लेबल वाचल्याशिवाय तिच्या हातून शाम्पूसुद्धा सुटत नसे.

"इंजेक्शनची दोन पेनं आहेत, सिरप आहे," तिने लाल पिशवी त्याच्या हातात दिली. "पेन कसं टोचायचं ते आठवतंय?"

"आठवतंय."

"सांग."

"निळी टोपी काढायची. केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरात दाबायचं. तीनपर्यंत मोजायचं."

"डॉक्टरांच्या सूचनांचा कागद?"

"फ्रिजवर लावलाय."

"चीज कुठलं आणलंस?"

त्याने आतून पाकीट आणून दाखवलं. "एका जातीच्या कडक चीजमध्ये अंड्यातलं काहीतरी घालतात, ते टिकावं म्हणून. ते नाही आणलं. यात फक्त दूध आणि मीठ."

आईने पाकीट दोन्ही बाजूंनी वाचलं. ही गोष्ट तिने त्याला सांगितलेली नव्हती. त्याने शोधून काढली होती. तिची भुवई जराशी वर गेली आणि बाइंडरला तेवढं पुरलं.

"आणि पास्त्याच्या पिठात?"

"बारीक रवा आणि कोमट पाणी. इटलीत दक्षिणेकडे अंड्याशिवायच भिजवतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"वाचनालयातून एक पुस्तक बांधायला आलं होतं. बांधता बांधता वाचलं."

"म्हणून तुझी पुस्तकं वेळेवर जात नाहीत," ती म्हणाली. जिन्यावरून खाली उतरताना तिने वळून पाहिलं. "पाचला येते. काही वाटलं तर लगेच..."

"लगेच," बाइंडर म्हणाला.

*

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली म्हणजे बाइंडिंगचा कारखाना, मागची म्हणजे स्वयंपाकघर आणि संसार. पुढच्या खोलीत खिडकीशी बाइंडरची मोठी बहीण बसलेली असायची. खारूताईची आत्या. तीस वर्षं दोघं बहीणभाऊ हेच काम करत होते. तिने शिवायचं, त्याने पुठ्ठे चढवायचे, आणि सोन्याचं काम असेल तर दोघांनी मिळून. आत्याच्या हाताला रविवार माहीत नव्हता. सुई चालूच.

स्वयंपाकघरात बापलेकीने रव्यात मधोमध खड्डा केला आणि थोडं थोडं पाणी ओतलं.

"बाबा, ही तर खळ झाली," खारूताई म्हणाली. खळ म्हणजे पुस्तकाला लावायचा, पीठ शिजवून केलेला डिंक. तिने ती लहानपणापासून पाहिलेली.

"खळच की. आपला जन्म पीठ-पाण्यातच गेला. फक्त ही खळ खायची."

"मग पुस्तक पण खाता येतं?"

"तू खाल्लंयस. पहिलीतलं अर्धं तर तूच कुरतडलंस."

"ते कव्हर होतं," ती गंभीरपणे म्हणाली.

पीठ मळता मळता बाइंडरचा जीव जरा स्थिरावला. मळलेला गोळा त्याने अर्धा तास झाकून ठेवला, मग लाकडी फळीवर लाटला. हे त्याच्या हाताचं काम होतं. कागदाला जशी तंतूंची दिशा असते तशी पिठालाही असते, हे त्याच्या अंगठ्यालाच कळत होतं. लांबच लांब पातळ दोन पट्ट्या झाल्या, पलीकडची बोटं दिसावीत इतकी. रॅव्हिओली करायच्या होत्या, म्हणजे सारण भरलेले पास्त्याचे चौकोन. सारण तयार होतं: दूध फाडून केलेलं मऊ चीज, वाफवून घट्ट पिळलेला पालक, चिमूटभर जायफळ. एका पट्टीवर चार बोटांच्या अंतराने खारूताईने एकेक चमचा सारण ठेवलं आणि मोजत गेली. वीस झाले.

"आता दुसरी पट्टी वर झाकायची," बाइंडर म्हणाला. "आधी कडेला पाणी लावायचं, म्हणजे चिकटेल. नाहीतर उकळत्या पाण्यात तोंड उघडतात आणि सगळं सारण बाहेर. जा, आत्याकडून एक ब्रश घेऊन ये. नवा. धुतलेला."

आणि तो शेगडीकडे वळला, कारण ऑलिव्ह तेलातला लसूण लाल व्हायला लागला होता आणि लसूण एकदा करपला की गेला. त्याने घाईघाईने टोमॅटो ओतले. पाठ फिरली ती एवढ्यासाठी.

खारूताई पिठाच्या हातांनी पुढच्या खोलीत धावली.

"आत्या, कडेला पाणी लावायला ब्रश दे. बाबांनी सांगितलंय. नवा."

आता बघा, शब्द कसा असतो. सोमवारी एका जाडजूड शब्दकोशाच्या कडा सोनेरी करायच्या होत्या. पुस्तकाच्या कडेला सोन्याचा वर्ख बसवायचा तर आधी तिथे एक द्रव लावावा लागतो, वर्ख त्यालाच धरून राहतो. अंड्यातलं पांढरं घ्यायचं, फेटायचं, त्यात व्हिनेगरचा थेंब आणि थोडं पाणी घालून रात्रभर ठेवायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं. खाली उरतं ते नितळ, पातळ, नळाच्या पाण्यासारखंच. या घरात तीस वर्षं त्याला "पाणी" म्हणत आले होते. कडेला पाणी लावलं का? पाणी वाळलं का? पाणी संपलं, उद्या करायला हवं. शनिवारी सहा अंडी देऊन टाकणाऱ्या माणसाला हे पाणी आठवलं नव्हतं, कारण त्याच्या मनात ते अंडं उरलंच नव्हतं. ते सामान होतं. सुई, दोरा, खळ, पाणी.

आत्याने मान वर केली नाही. तिच्या सुईत दोरा अडकला होता. कडेला पाणी लावायचंय, ब्रश हवाय, भावाने सांगितलंय. तिने डाव्या हाताने खिडकीतली काचेची वाटी उचलली, वर नवा ब्रश आडवा ठेवला, आणि म्हणाली, "सांडू नकोस हं. काल करून ठेवलंय."

"नाही सांडत," खारूताई म्हणाली.

तिने खरंच एक थेंब सांडला नाही. जीभ बाहेर काढून, वाटी दोन्ही हातांत धरून ती चालत आली, आणि बाबा वळेपर्यंत तिने सारणाच्या वीसही घरांच्या चारही बाजू नीट ओल्या केल्या होत्या.

"वा," बाइंडर म्हणाला. "पाणी आणलंस पण? शहाणी." वाटीतल्या पाण्याकडे त्याने पाहिलं. पाणीच होतं ते. वास यावा तर सगळं घर लसणाने भरलेलं.

दुसरी पट्टी त्याने वर झाकली, बोटांनी हवा बाहेर काढत प्रत्येक घर दाबलं, आणि सुरीने चौकोन कापले. कडा अशा बसल्या होत्या की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. उकळत्या पाण्यात एकही फुटला नाही.

*

एक वाजता ताटं मांडली. खारूताईच्या ताटात सहा, वर लाल सॉस, वर किसलेलं चीज. बाइंडरने डोळे मिटून दोन क्षण हात जोडले. रोजच जोडायचा, आज जरा जास्त वेळ.

"कसं झालंय?"

"थांब ना, भाजतंय." तिने एक फुंकून तोंडात टाकला. मग डोळे मोठे केले. "बाबा! आतून हिरवं!"

"पालक आहे तो."

"पालक असा लागतो? मग आई तसा का करते?"

"हे आईला सांगायचं नाही," बाइंडर म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला मोकळं हसू आलं.

तिने दुसरा खाल्ला, मग तिसरा. बाइंडर जेवत नव्हता, नुसता तिच्याकडे बघत होता. भिंतीवरचं घड्याळ त्याच्या समोर होतं. पाचला अजून चार तास होते, आणि चार तास त्याला आता फार वाटत नव्हते.

आत्या हात पुसत आत आली. "माझं वाढलंत का नाही? का सुया चघळू मी?" म्हणत ती ताटाकडे जाता जाता ओट्यापाशी थांबली. काचेची वाटी तिथे होती. आत्याने ती उचलून उजेडात धरली.

"अगं बाई, एवढं संपवलंत? अरे, उद्या शब्दकोशाच्या कडांना काय लावू मी? कशाला लागलं एवढं पाणी?"

बाइंडरने मान वळवली. त्याने वाटी पाहिली, ब्रश पाहिला. मग मुलीच्या ताटातले उरलेले तीन पाहिले, त्यांच्या घट्ट बसलेल्या कडा.

"ताई," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "ते... आपलं पाणी आहे?"

"मग कुणाचं असणार? तूच सांगितलंस ना, कडेला पाणी..." आत्या बोलता बोलता थांबली. तिच्या हातातली वाटी ओट्यावर टेकली ती वाजली.

पुढचा घास खारूताईच्या तोंडाशी होता. बाइंडरने तो काट्यासकट काढून घेतला.

"बाबा! माझा आहे!"

"थुंक. तोंडात असेल ते थुंक. आणि चूळ भर. भरपूर. गिळू नकोस."

तिने चूळ भरली. काही न कळून तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाइंडरने तिचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. ओठ नीट. मान नीट. हात उलटेसुलटे करून पाहिले. काही नाही. घड्याळात एक वाजून तेरा मिनिटं झाली होती.

त्याने फोन उचलला.

आत्याने त्याचं मनगट धरलं. त्याला बाजूला ओढून ती दबल्या आवाजात बोलू लागली. "थांब. जरा थांब. काही झालंय का तिला? ओठ बघ, काही नाही. कडेला लावलेलं, त्यात उकळलेलं, किती ते गेलं असेल पोटात! कदाचित काहीच होणार नाही. सिरप दे, मी बसते तिच्यापाशी, अर्धा तास बघू."

"ताई, सोड."

"अरे, फोन केलास की बुधवार संपला! रात्र नाही, सुट्टी नाही, हा रविवारसुद्धा काढून घेईल ती. चौदा महिने काढलेस तू. माझ्या चुकीसाठी पोर गमावू नकोस रे."

आणि हे खोटं नव्हतं. बाइंडरच्या डोक्यात तेच चाललं होतं, आत्याच्याही आधीपासून. अर्धा तास. फक्त अर्धा तास. काही झालं नाही तर जगात कुणालाच कळणार नाही. त्याने देवाला हाक मारली, पण या वेळी असं नाही म्हणाला की काही होऊ देऊ नकोस. तो म्हणाला, देवा, मला गप्प बसू देऊ नकोस.

त्याने मनगट सोडवलं आणि बटण दाबलं.

"बोल," पलीकडून आई.

"तिच्या पोटात अंडं गेलंय. तीन रॅव्हिओलींच्या कडांना लागलेलं. वर्ख चिकटवायचं असतं ना, ते पाण्याऐवजी लागलं. आत्ता कळलं. अजून काही दिसत नाहीये."

पलीकडे एक श्वास आत गेला आणि तिथेच राहिला. मग आवाज आला, दुकानातल्यासारखा सपाट. "उकळलेलं?"

"चार-पाच मिनिटं."

"निघाले मी. फोन ठेवू नकोस, स्पीकरवर टाक. ताईंना सांग, रुग्णवाहिका बोलवा. पेन हातात घे. टोचू नकोस अजून. नुसतं घे."

आत्या आधीच पुढच्या खोलीत धावली होती. पत्ता सांगताना तिच्या तोंडून घराचा नंबर दोनदा चुकला.

बाइंडर मुलीसमोर गुडघ्यावर बसला. फोन टेबलावर. पलीकडून रस्त्याचा आवाज, हॉर्न, आणि मध्येमध्ये, "बोल. काय दिसतंय?"

"काही नाही."

"बोल."

"काही नाही. गप्प बसलीये."

"मी गप्प नाही बसले," खारूताई म्हणाली. "मला भूक लागलीये."

एक वाजून सतरा. अठरा. बाइंडरला मनात एक वेडी आशा यायला लागली.

एक वाजून एकवीस मिनिटांनी ती म्हणाली, "बाबा, माझा कान आतून खाजतोय."

मग ओठ. तिने ते खालच्या दातांनी खरवडले. मानेवर एक लाल गांधी उठली, नाण्याएवढी. बघता बघता तिच्या शेजारी दुसरी.

"मानेवर गांधी. दोन. तीन."

"श्वास?"

"नीट आहे."

"तिला आडवं कर. पाय उशीवर. आता कान देऊन ऐक."

त्याने तिला जमिनीवर आडवं केलं, पायांखाली रव्याची पिशवीच सरकवली, तीच हाताला लागली. खारूताई खोकली. एकदा. मग पुन्हा, कोरडं, भुंकल्यासारखं. घशाशी हात नेला तिने.

"खोकतेय. कोरडं."

"टोच," आई म्हणाली. "आत्ता."

सोन्याच्या वर्खाचं पान इतकं हलकं असतं की जोरात श्वास सोडला तर उडून जातं. तीस वर्षं बाइंडरने ते पान ब्रशच्या टोकावर उचललं होतं आणि एकदाही उडू दिलं नव्हतं. आता निळी टोपी त्याच्या बोटांतून दोनदा निसटली.

"बाबा, दुखेल?"

"दुखेल. एकदाच. जोरात."

"आई म्हणते दुखत नाही."

"मग मी खरं सांगितलं हे आईला सांगू नकोस."

"मी ऐकतेय," फोनमधून आवाज आला, आणि त्या आवाजात काहीतरी तुटत होतं. "टोच ना रे."

त्याने केशरी टोक मांडीवर ठेवलं आणि दाबलं. खट झालं. खारूताई किंचाळली. "एक," तो म्हणाला. "दोन," आई रस्त्यावरून म्हणाली. "तीन," दोघं म्हणाले.

मग वाट बघणं. बाइंडर तिच्या छातीवर नजर ठेवून होता. वर, खाली. वर, खाली. पुढच्या खोलीच्या दारात आत्या उभी, दोन्ही हात तोंडावर. खोकला आला. पुन्हा आला. मग मधलं अंतर वाढलं. मानेच्या गांधी तशाच होत्या, पण खारूताईने एक लांब, पूर्ण श्वास घेतला आणि तो कुठेही अडला नाही.

"घेतला," बाइंडर म्हणाला. "नीट घेतला श्वास."

तेवढ्यात जिन्यावर आईची पावलं वाजली, आणि त्यांच्या मागोमाग रुग्णवाहिकेतल्या माणसांची.

*

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की धोका टळलाय, पण पुन्हा उलटू शकतं, म्हणून रात्रीपर्यंत लक्ष ठेवावं लागेल. खारूताई खाटेवर झोपली. बोटाला नाडी मोजायचा चिमटा, गालांवर अजून लाली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाइंडर. आत्या पायाशी उभी.

"मी दिली वाटी," आत्या म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "पोरीने पाणी मागितलं, मी ते दिलं. त्याला माहीतसुद्धा नव्हतं. काय करायचं ते मला कर."

"ताई, बसा तुम्ही," आई म्हणाली. "तुम्ही उभ्या राहिलात की मला भांडता येत नाही."

आत्या बसली.

"घर माझं, पाणी माझं, घरात ठेवलं मी," बाइंडर म्हणाला. "अंडी दिली शेजारी आणि ते विसरलो. ताईने फक्त रोजच्यासारखं केलं."

आईने आपला फोन काढला आणि पाहिला. "एक चौदाला आलाय तुझा फोन. पहिली गांधी कधी दिसली?"

"एकवीसला खाज. मग गांधी."

"सात मिनिटं आधी."

"हो."

"तेव्हा काहीच झालेलं नव्हतं तिला."

"नव्हतं."

"थांबावंसं नाही वाटलं?"

बाइंडरने आत्याकडे पाहिलं नाही. "वाटलं," तो म्हणाला. "खूप वाटलं."

आईने मान हलवली. तिचे डोळे ओले होते, पण बोलणं तेच, लेबल वाचल्यासारखं. "बुधवारी मी बाईंना सगळं सांगणार. यातलं काही झाकणार नाही."

"मीच सांगतो. तू समोर ऐक."

"शनिवारची रात्र आता नाही. सुट्टीपण नाही."

बाइंडरने खाटेचा दांडा धरला. ठाऊक होतं ते त्याला. ठाऊक असून लागलंच. "किती दिवस?"

"मला सांगता येणार नाही. तुझ्या घरी ती आहे आणि मला झोप लागतेय, असं होईपर्यंत."

"आणि रविवार?" हे विचारायला त्याला सगळ्यात जास्त धीर लागला.

"डबा मी आता देणार नाही," आई म्हणाली.

बाइंडरचा चेहरा उतरला. आत्या खुर्चीतून अर्धी उठली. "अगं, असं नको गं करूस..."

"पुरतं ऐकून घ्या ना, ताई! डबा देणार नाही म्हणजे तो करेल. तिथेच, त्या ओट्यावर. आणि मी येणार. स्टूल घेऊन बसणार समोर. त्याच्या घरात किती गोष्टींना पाणी म्हणतात ते मला बघायचंय." ती थांबली. "तू डबा आणि भीती दोन्ही माझ्याकडे देऊन मोकळा होतोस. थोडी भीती तू पण शिकायला हवी, आणि थोडा स्वयंपाक मी बघायला हवा. ती म्हणत होती रुग्णवाहिकेत, पालक चांगला झाला होता."

"तू नुसती बसणार?" आत्या न राहवून म्हणाली. "काही न बोलता?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

खारूताईने डोळे उघडले. तिघांना एकत्र बघून तिला जरा वेळ काही कळेना. "कोण ओरडतंय?" तिने विचारलं.

"आत्या," आई म्हणाली.

"मी?" आत्या म्हणाली.

बाइंडरने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मानेवरच्या गांधी फिक्या होत चालल्या होत्या. त्याने त्या मोजल्या, चार उरल्या होत्या. आईने पलीकडून हात पुढे केला आणि चादर नीट केली.

"रविवारी दहाला येऊ आम्ही," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मी आल्याशिवाय पीठ भिजवू नकोस."

"नाही भिजवत," बाइंडर म्हणाला.